डार्क मोडने डोळ्यांना खरंच आराम मिळतो का?

आपण दिवसभर संगणकावर काम करणारी मंडळी एकमेकांना हमखास सांगतो, ‘डोळे दुखतायत? डार्क मोड लाव!’ रात्री अंधारात चकाकी कमी होते, एवढा फायदा खरा. पण काळ्या पडद्यासमोर डोळ्याची बाहुली मोठी होते. मग ज्यांच्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर आहे, त्यांना पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. म्हणून अ‍ॅप बनवताना दोन्ही मोड द्यायला हवेत. बरं, डोळे कोरडे का पडतात? एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा लवणारी पापणी स्क्रीनसमोर जेमतेम निम्म्या वेळा लवते. पडद्याचा रंग कुठलाही असो! तेव्हा दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघायचं आणि पापण्या मुद्दाम पूर्ण मिटायच्या.