‘आरंभशूर’ या शब्दामागे : प्रौढ वयातील अवधान-अभावाची ओळख

मराठीत काही माणसांसाठी विशेषणांची वानवा नाही. धांदरट, वेंधळा, विसरभोळा, धरसोड वृत्तीचा, आरंभशूर, ‘पायाला भिंगरी लागलेला’ असे शब्द आपण घरोघरी ऐकतो आणि त्यांत थोडा विनोदाचा अंशही असतो. परंतु ज्याला हे शब्द बालपणापासून चाळिशीपर्यंत ऐकावे लागले, ज्याच्या हातून एकामागून एक नोकऱ्या सुटल्या, खात्यात पैसे असूनही ज्याचे विम्याचे हप्ते चुकले आणि ज्याच्या घरात यावरून नित्य वाद होतात, त्याच्या लेखी तो विनोद राहत नाही. अशा व्यक्तींपैकी काहींच्या बाबतीत या तथाकथित स्वभावदोषामागे एक वैद्यकीय विकार असतो. त्यास ‘अवधान-अभाव व अतिचंचलता विकार’ म्हणतात; रुग्णालयात तो ‘एडीएचडी’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो.

हा विकार लहान मुलांचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तो प्रौढांतही आढळतो, त्यावर उपचार आहेत, आणि तो ओळखण्याची किल्ली आजच्या लक्षणांइतकीच रुग्णाच्या बालपणात असते, हे आमचे देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे मांडावे, या हेतूने हा लेख या अहवालात समाविष्ट करीत आहोत.

विकाराचे स्वरूप

सन १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने लंडन येथील व्याख्यानांत, बुद्धी सामान्य असूनही स्वतःवर ताबा न राहणाऱ्या व लक्ष टिकवू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. पुढे १९६८ साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात या अवस्थेस स्थान मिळाले, ते बाल्यावस्थेतील अतिचंचलता म्हणून. आणि वय वाढेल तशी ती ओसरते, असे मानले गेले. १९८० मध्ये चंचलतेपेक्षा अवधानाच्या अभावास प्राधान्य देण्यात आले. प्रौढांसाठी निदानाचा स्वतंत्र उंबरठा मात्र २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत प्रथमच ठरविण्यात आला. म्हणजेच आज चाळिशी-पन्नाशीत असलेली पिढी शाळेत असताना तिच्याकडे या दृष्टीने पाहणारे फारसे कोणी नव्हते.

जगभरातील अभ्यासांचा एकत्रित विचार करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार, बालपणापासून सुरू होऊन प्रौढपणीही टिकून राहिलेल्या या विकाराचे प्रमाण प्रौढांत सुमारे २.६ टक्के आहे.

मेंदूचा पुढील भाग नियोजन, संयम, वेळेचा अंदाज आणि कामांचा अग्रक्रम यांचा कारभार पाहतो. डोपामिन व नॉरॲड्रेनालिन या रासायनिक संदेशवाहकांच्या साहाय्याने चालणारा हा कारभार या विकारात विस्कळीत असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते, की या लक्षणांच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्यातील जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा आनुवंशिकतेचा असतो. आईवडिलांच्या लाडामुळे अथवा शिस्तीच्या अभावामुळे हा विकार जडत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. “क्रिकेटचा सामना पाहताना बरे याचे लक्ष लागते!” अशी तक्रार कुटुंबीय नेहमी करतात. तक्रार खरी असते. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो. या रुग्णांजवळ अवधान असते, परंतु ते हवे तेथे वळविण्याचे आणि टिकविण्याचे सामर्थ्य अपुरे असते. आवडीच्या, नवीन किंवा अगदी तातडीच्या कामात ते तासन्‌तास गढून जातात. कंटाळवाण्या, दीर्घ पल्ल्याच्या व लगेच फळ न देणाऱ्या कामात त्यांचे मन ठरत नाही. आयकराचे विवरणपत्र भरणे हे दुसऱ्या प्रकारचे काम होय.

प्रौढपणी लक्षणे कशी दिसतात?

लहान मूल वर्गात बाकावरून उठून धावते. चाळिशीतील गृहस्थ सभेतून उठून धावत नाहीत. म्हणून बालपणीची लक्षणे जशीच्या तशी शोधू गेल्यास ती सापडत नाहीत. वयानुसार त्यांनी घेतलेली रूपे ढोबळमानाने तीन गटांत मांडता येतील.

पहिला गट अवधानाचा. वीजबिलाची मुदत दरमहा टळते. किल्ल्या, चष्मा, पाकीट यांचा शोध रोजचाच होतो. समोरचा बोलत असताना मध्येच धागा सुटतो. कामे उत्साहाने हाती घेतली जातात आणि शेवटच्या टप्प्यावर अर्धवट राहतात. निघण्यास दहा मिनिटे उरली असताना अर्ध्या तासाचे काम काढले जाते.

दुसरा गट चंचलतेचा. प्रौढपणी ती बव्हंशी आत वळते. बाहेरून शांत दिसणारी व्यक्ती मनातून सतत अस्वस्थ असते. पाय हलत राहतो, रांगेत उभे राहणे असह्य होते, सुटीच्या दिवशीही निवांतपणा लाभत नाही.

तिसरा गट उतावळेपणाचा. दुसऱ्याचे वाक्य तोडणे, विचार न करता खरेदी करणे किंवा कर्ज घेणे, रागाच्या भरात राजीनामा देणे, वाहन बेदरकारपणे हाकणे ही त्याची उदाहरणे. या रुग्णांत वाहन-अपघात, व्यसने आणि नैराश्य यांचे प्रमाण इतरांहून अधिक असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. वेळीच ओळख पटणे का महत्त्वाचे, हे यावरून ध्यानी यावे.

इतकी वर्षे कळले कसे नाही?

असे विचारणाऱ्या कुटुंबीयांस आम्ही आधारांचा हिशेब मांडून दाखवितो. शाळेत असताना आई दप्तर भरून देते, वडील उजळणी घेतात, शाळेची घंटा वेळ सांगते. हुशार मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करूनही उत्तीर्ण होतो. पुढे वसतिगृह, पहिली नोकरी, विवाह, अपत्यजन्म किंवा कार्यालयातील बढती या टप्प्यांवर हे आधार एकेक करून निघून जातात आणि जबाबदाऱ्या वाढतात. विकार जुनाच असतो. तो झाकणारे छप्पर उडालेले असते.

मुलींच्या बाबतीत तो अधिकच झाकला जातो. दंगा करणारा मुलगा शिक्षकांच्या नजरेत भरतो. खिडकीबाहेर पाहत शांत बसलेली मुलगी ‘जरा स्वप्नाळू’ ठरते. पुढे संसार, नोकरी, मुलांच्या शाळा आणि वडीलधाऱ्यांची औषधे हे सारे एकाच डोक्यात सांभाळण्याची अपेक्षा तिच्याकडून होते. ती थकून जेव्हा दवाखान्यात येते, तेव्हा पुष्कळदा केवळ चिंता वा नैराश्य यांवर उपचार होतात आणि त्यामागील मूळ कारण तसेच राहते.

कित्येक प्रौढांचे निदान त्यांच्या अपत्याच्या निमित्ताने होते. मुलाची लक्षणे डॉक्टर समजावून सांगत असतात आणि शेजारी बसलेले वडील म्हणतात, “मीसुद्धा असाच होतो.” आनुवंशिकतेचा वाटा पाहता यात नवल नाही.

निदान कसे होते?

या विकाराचे निदान करणारी रक्ततपासणी नाही, तसेच मेंदूचे छायाचित्र काढूनही ते होत नाही. प्रशिक्षित तज्ज्ञाने सविस्तर मुलाखत घेऊनच ते करावे लागते. २०१३ च्या निकषांनुसार अवधानाची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणे आहेत. सतरा वर्षांवरील व्यक्तीत या दोहोंपैकी एका गटातील किमान पाच लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ असावी लागतात. त्यांपैकी काही वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीच दिसलेली असणे, घर व कार्यालय अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा उपद्रव होणे आणि त्यामुळे जीवनव्यवहारास स्पष्ट बाधा पोहोचणे याही अटी आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली अठरा प्रश्नांची एक स्वयं-चाचणी उपलब्ध आहे. तिच्यातील पहिले सहा प्रश्न प्राथमिक चाळणीसाठी वापरतात. ही केवळ चाळणी होय. तिच्यातून कोणी खाली उतरला म्हणजे त्याचे निदान झाले, असे कृपया समजू नये.

ही काळजी घेण्याचे कारण असे, की विस्मरण आणि एकाग्रतेचा अभाव ही अनेक आजारांची समान लक्षणे आहेत. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, अपुरी झोप, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य, चिंता, मद्यपान आणि काही औषधांचे परिणाम यांमुळेही माणूस असाच दिसू लागतो. आजवर टापटिपीने काम करणाऱ्या व्यक्तीस पंचेचाळिसाव्या वर्षी अचानक विसर पडू लागला, तर कारण अन्यत्र शोधावे लागते, आणि ते लवकर शोधणे हिताचे असते. त्याचप्रमाणे रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहून दिवसा लक्ष न लागणे हा काही अवधान-अभाव विकार नव्हे.

कुटुंबीयांची साक्ष

आजची तक्रार रुग्ण स्वतः सांगू शकतो. सात-आठ वर्षांचा असताना आपण कसे होतो, हे मात्र कोणालाही नीटसे आठवत नाही. ते आईला, थोरल्या बहिणीला किंवा काकांना आठवते. म्हणून पहिल्या भेटीस येताना ज्यांनी रुग्णाचे बालपण जवळून पाहिले, अशा एका व्यक्तीस सोबत आणावे, अशी आमची विनंती असते. ते शक्य नसल्यास दूरध्वनीवरून झालेले बोलणेही उपयोगी पडते.

जुनी प्रगतिपुस्तके जपून ठेवली असल्यास अवश्य आणावीत. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘वह्या अपूर्ण’, ‘फार बोलतो’ हे वर्गशिक्षकांनी सहज लिहिलेले शेरे तीस वर्षांनंतर तज्ज्ञास मोलाचा पुरावा ठरतात. त्यांसोबत सध्या चालू असलेल्या औषधांची यादी आणि आठवडाभराच्या झोपेची नोंदही असावी.

साक्ष देताना एक पथ्य पाळावे. “हा पहिल्यापासून आळशीच” असा निवाडा देण्याऐवजी नेमके काय घडत असे, ते सांगावे. डबा शाळेत किती वेळा विसरला जाई, गृहपाठाला बसल्यावर किती वेळात उठत असे, खेळताना आपली पाळी येईपर्यंत थांबता येत असे का, अशा तपशिलांतून चित्र स्पष्ट होते.

उपचार व दिलासा

निदान झाल्यावर उपचार दुहेरी असतात. औषधांमध्ये मिथाइलफेनिडेट हे जुने व परिणामकारक औषध असून त्याचा प्रभाव साधारणतः तासाभरात जाणवू लागतो. आपल्या देशात ते अमली औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या सूचीत असल्यामुळे त्याची चिठ्ठी व विक्री काटेकोर नियमांनी होते. एकाची गोळी दुसऱ्याने घेणे धोक्याचे आणि बेकायदेशीर आहे. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरे औषध उत्तेजक वर्गातील नाही, परंतु त्याचा गुण येण्यास काही आठवडे जावे लागतात. दोहोंपूर्वी रक्तदाब, नाडी व हृदयविकाराचा पूर्वेतिहास तपासणे आवश्यक असते.

औषधाने लक्ष लागू लागते. सवयी मात्र शिकाव्या लागतात. त्यासाठी वर्तनोपचार व समुपदेशन असते. सर्व नोंदींसाठी एकच वही, किल्ल्यांसाठी दाराजवळ एकच खुंटी, मोठ्या कामाचे लहान तुकडे, बिलांसाठी बँकेतून परस्पर भरणा आणि वेळेसाठी गजर, हे उपाय साधे वाटतात. परंतु मेंदूतील जी व्यवस्था दुबळी आहे, ती बाहेर उभी करण्याचे काम ते करतात. पती वा पत्नीने आठवण करून द्यावी, हेही योग्यच. मात्र ती ठरलेल्या वेळी आणि टोमण्याविना असावी.

कित्येकांना निदानाचाच मोठा दिलासा वाटतो. त्याबरोबर वाया गेलेल्या वर्षांचे दुःखही दाटून येते. या दोन्ही भावनांस उपचारात जागा द्यावी लागते. विकार ओळखला गेल्याने जबाबदारी संपत नाही. ती पेलण्याचा मार्ग मात्र सापडतो.

हितचिंतकांस

रुग्णालयास देणगी म्हटली, की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एखादे यंत्र किंवा खाट येते. या विकारास यापैकी काहीही लागत नाही. लागतो तो तज्ज्ञाचा वेळ: सविस्तर मुलाखत, नातेवाइकांशी संभाषण, बहुधा दुसरी भेट आणि त्यानंतर दीर्घकाळ समुपदेशन. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला आणि मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण देणे त्यान्वये बंधनकारक झाले. तथापि सर्वसाधारण विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचा खर्च देतो, आणि या विकाराचे उपचार बाह्यरुग्ण विभागातच होत असल्याने दरमहाचा भार बहुधा कुटुंबावरच पडतो. आपल्या साहाय्याने तज्ज्ञाचा जो एक तास एखाद्या गरजू रुग्णाच्या वाट्यास येतो, त्याचे छायाचित्र अहवालात छापता येत नाही. त्याचे मोल मात्र त्या घरास ठाऊक असते.

ज्यांना प्रत्यक्ष येणे शक्य नाही, त्यांना केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ या १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या मोफत सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलता येईल. आपल्या परिचयात असे कोणी वर्षानुवर्षे स्वतःस दोष देत जगत असेल, तर त्याच्याशी प्रेमाने बोलावे आणि एकदा तपासणी करून घेण्यास सुचवावे, अशी नम्र विनंती आहे. तपासणीअंती विकार नसल्याचे आढळले, तरी त्रासाचे खरे कारण शोधण्यास सुरुवात झालेली असेल.