क्षयाच्या गोळ्या मध्येच का सोडू नयेत

आम्ही डॉक्टर नव्हे. यंत्रमाग कामगारांत वावरणारे कार्यकर्ते. खोकला थांबताच गोळ्या सोडून पाळीवर परतणारे गडी आम्ही पुष्कळ पाहिले. खाडा परवडत नाही. त्यांना दोष काय द्यावा?

पण छातीत काय घडते ते पाहावे. क्षयाच्या कोट्यवधी जंतूंत काही थोडे औषधाला मुळातच दाद न देणारे असतात. एकच औषध दिले, तर बाकीचे मरतात आणि ह्यांचाच वंश माजतो. १९४८ साली ब्रिटनमधील चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्ट्रेप्टोमायसिन घेतलेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. केवढा आनंद! परंतु पाच वर्षांनी दोन्ही गटांतले निम्म्याहून अधिक गेलेले होते. पुढे जोडीला दुसरे औषध दिले, तेव्हा हे पुष्कळसे टळले. कारण दोहोंना पुरून उरणारा जंतू विरळा. (एकजुटीचे बळ आम्हांस कोणी वेगळे सांगावयास नको!)

म्हणून आज नेहमीच्या क्षयाला निदान सहा महिने अनेक औषधे एकत्र देतात. ती मध्येच सोडली, तर उरलेला चिवट जंतू घरातल्या पोरापर्यंत पोहोचू शकतो. आणि त्या पोराला ते औषध पहिल्या दिवसापासूनच लागू पडत नाही. मालकांशी बोलणी करताना बोनसाबरोबर आजारपणाच्या भरपगारी रजेची मागणी आम्ही आता लेखी घालतो, ती ह्यासाठीच.