गंजाडमध्ये राहून गोल्फ: आधी पटर, मग ड्रायव्हर

गोल्फचं नाव काढलं की लोक पहिल्यांदा ड्रायव्हरची, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबची, किंमत विचारतात. माझं ठाम मत आहे, हौशी खेळाडूने पैसा आणि वेळ दोन्ही आधी पटरवर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायच्या क्लबवर, घालावा. पार ७२ च्या (७२ फटके अपेक्षित असलेल्या) मैदानात प्रत्येक होलला दोन पट (पटरचे फटके) धरलेले असतात. म्हणजे ७२ पैकी ३६ फटके पटरचेच! ड्रायव्हर फार तर चौदा वेळा हातात येतो.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडहून मुंबईत चेंबूरला असलेलं बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं मैदान (स्थापना १९२७) शंभर किलोमीटरहून लांब आहे. पण पटिंगचा सराव घरच्या फरशीवरही होतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. तेवढा कागदी गोल कापून तीन मीटरवर चिकटवा. दिशा एकच अंश चुकली तरी चेंडू पाच सेंटीमीटर बाजूला, थेट होलच्या काठावर जातो. म्हणून पटरच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं ठेवायची आणि त्यांना न घासता पटर मागेपुढे न्यायचा. कंटाळवाणं वाटेल, पण गुण यातच सुधारतात.

नियमाने १४ क्लब चालतात. सुरुवातीला सहा पुरेत: हायब्रिड, ७ आणि ९ नंबरचं आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. जुना सेट खुशाल घ्या, फक्त ग्रिप तपासा. गुळगुळीत झालेली ग्रिप घामाने हातात फिरते, ती बदलूनच घ्या. पावसाळ्यात क्लब कोरडे पुसून ठेवा, नाहीतर गंजतात.

डहाणू-तलासरीत कुणी खेळत असेल तर जरूर कळवा, एकत्र सराव करू.