अरुंद रूळ, रुंद डबा

रेल्वेच्या आरक्षणपत्रकावर प्रवाशाचे नाव, वय आणि लिंग यांची नोंद होते. त्याच्या देहाची रुंदी विचारणारा रकाना तेथे नसतो, आणि तरीही सोलापूर स्थानकावर सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या वंदे भारत गाडीत एखादा स्थूल गृहस्थ चढला म्हणजे त्याची गाठ प्रथम पडते ती या न विचारलेल्या आकड्याशीच. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली ही गाडी सुमारे साडेसहा तासांत मुंबई गाठते, डबे थंड आणि नेटके असतात, चहा जागेवर येतो; परंतु तिच्या सामान्य वर्गात मार्गिकेच्या एका बाजूस तीन आणि दुसऱ्या बाजूस दोन अशा खुर्च्या मांडलेल्या आहेत, आणि प्रत्येक खुर्चीला दोन हात आहेत. ते हात दोन शेजाऱ्यांमधील सरहद्द ठरवितात. ज्याचा देह त्या सरहद्दीत मावतो त्याला त्यांचे अस्तित्वही जाणवत नाही; ज्याचा मावत नाही तो दौंड येईपर्यंत श्वास आखडून बसतो आणि शेजाऱ्याच्या मनातले न बोललेले वाक्य ऐकत राहतो. वरच्या वर्गात एका ओळीत दोन आणि दोन अशाच खुर्च्या असल्याने तेथे ऐसपैस बसता येते, म्हणजे रुंदी मिळते, पण ती पैसे मोजून.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा न्याय निराळा. तेथे हातांची अडचण नाही, निजण्यास सबंध फळी आहे. प्रश्न फक्त ती खालची की वरची एवढाच. खालच्या फळीसाठी वृद्धांना, पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना आणि गर्भवतींना प्राधान्य देण्याची तजवीज रेल्वेने केली आहे, आणि ती सर्वथा योग्य आहे. परंतु चाळिशीतल्या, सव्वाशे किलो वजनाच्या आणि गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाची गणना यांपैकी कोणत्याच वर्गात होत नाही. तेव्हा वरची फळी वाट्याला आलेला तो माणूस लोखंडी पायऱ्यांकडे एकदा आणि समोरच्या तरुण सहप्रवाशाकडे एकदा पाहतो, आणि मग जी विनवणी सुरू होते तिच्यात प्रवासाचा अर्धा आनंद आटून जातो. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मोजतो, त्यांत स्थूलतेचा समावेश नाही. त्यामुळे सरकारदरबारी कोणताही दाखला पुढे करून जागा मागण्याची सोय त्यास नाही.

एसटीचे त्यामानाने बरे. लाल गाडीतला तिघांचा बाक सलग असतो, त्याला मधे हात नसतात, आणि 'सरका की वो जरा' या सोलापुरी आर्जवाने ज्याची त्याची जागा दर फाट्याला नव्याने ठरते. तिसऱ्या प्रवाशाचा अर्धा देह मार्गिकेत लोंबतो हे खरे, पण तो बहुधा त्याबद्दल कोणाला दोष देत नाही, कारण बाकावर कोणाचाच मालकी हक्क नसतो. हा लोभस गैरकारभार दूरच्या पल्ल्यास उपयोगी नाही, हेही तितकेच खरे.

स्थूल माणसाच्या प्रवासाचा विचार आपल्याकडे होतो तो असा, योगायोगाने. परंतु जड भार हलक्या मार्गावरून सुखरूप कसा न्यावा या प्रश्नाचे एक शुद्ध, शास्त्रीय उत्तर याच सोलापूर जिल्ह्यात, कुर्डुवाडीस, सव्वाशे वर्षांपूर्वी लोखंडाच्या रूपाने रुळांवर उतरले होते, आणि ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी त्या यंत्राची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या चाकरीत हिंदुस्थानात आला. त्या कंपनीची मुख्य वाट सोलापुरास १८६० मध्येच पोहोचली होती. परंतु बार्शीसारखी भरभराटीची पेठ तिने बाजूला टाकली होती, आणि 'बार्शी रोड' असे नाव दिलेल्या कुर्डुवाडीच्या स्थानकापासून बार्शीपर्यंतचे अंतर मालाला बैलगाडीने कापावे लागे. ही उणीव कॅलथ्रॉपने हेरली. १८९५ मध्ये लंडनला कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधले अंतर होते अवघे अडीच फूट. एवढ्या अरुंद मार्गावरची गाडी म्हणजे खेळणे, असा त्या काळच्या पुष्कळ जाणत्यांचा समज होता, आणि कॅलथ्रॉपचे सारे कर्तृत्व हा समज खोडून काढण्यात आहे.

त्याचा मूळ सिद्धांत एका वाक्यात मावतो: इंजिन असो, वाघीण असो वा प्रवासी डबा असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडता कामा नये. यावर कोणी म्हणेल की मग इंजिन हलके करावे. कॅलथ्रॉपने तसे केले नाही. बलवान इंजिनास वजन हवेच, हे तो जाणून होता. त्याने इंजिनाला चाके वाढविली. लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधलेल्या त्या इंजिनांना आठ चालकचाके आणि मागे चार आधारचाके, अशी बारा चाके होती, आणि एवढा देह असूनही प्रत्येक आसावरचा भार तोच ठरलेला. परिणामी दर वारास तीस पौंड वजनाचे हलके, स्वस्त रूळ त्या सबंध गाडीस पुरे झाले. डब्यांच्या चौकटींसाठी त्याने दाबून आकार दिलेले पोलाद वापरले, जेणेकरून डब्याचे स्वतःचे वजन घटून वाहून न्यावयाच्या मालाला अधिक वाव राहावा. आणि रूळ अरुंद म्हणून डबाही अरुंद असला पाहिजे, ही अट तर त्याने मुळीच मानली नाही: डबे रुळांतील अंतराच्या दुपटीहून रुंद होते, आणि तोल ढळू नये याची काळजी त्यांच्या रचनेतच घेतली होती. ही गाडी हिंदुस्थानास रवाना होण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तिच्या चाचण्या झाल्या, त्या पाहावयास अभियंत्यांची रीघ लागली. याच गृहस्थाने पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी हवाईछत्री तयार केली; देहाचा भार सुखरूप कसा उतरवावा हा ध्यास त्याला जन्मभर होता, असे म्हणावयास हरकत नाही.

मार्ग वाढत गेला: १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत गर्दी एवढी लोटे की मालाच्या वाघिणीही वारकऱ्यांसाठी जोडल्या जात. त्या वाघिणीत खुर्ची नव्हती, हात नव्हता, आणि कृश व स्थूल यांत भेदही नव्हता. हाल मात्र सर्वांचे सारखे होत असले पाहिजेत, तेव्हा त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारच्या मालकीची झाली, आणि या शतकात तिचे अरुंद रूळ उखडून रुंद रूळ टाकण्यात आले. रुळांतील अंतर अडीच फुटांवरून साडेपाच फुटांवर गेले. प्रवाशाच्या वाट्याची जागा त्या प्रमाणात रुंदावली, असे मात्र कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. कॅलथ्रॉपने भाराला दोष मानले नाही, तो कसा वाटून घ्यावा हा रचनाकाराचा प्रश्न मानला. त्याच्या नंतरच्या रचनाकारांनी सरासरी माणूस नावाची एक काल्पनिक व्यक्ती समोर ठेवून खुर्ची कापली आणि उरलेल्यांना त्या खुर्चीपुढे आरोपी म्हणून उभे केले.

मुक्कामाची गोष्ट प्रवासाहून निराळी आहे. पंढरपुरातले मठ आणि धर्मशाळा यांनी यात्रेकरूस जे दिले ते मुख्यतः जमिनीचा तुकडा आणि अंगाखाली घालावयास सतरंजी. जमीन कोणाच्याही वजनाने मोडत नाही आणि जाजमास कडा असली तरी हात नसतो, म्हणून आपल्या जुन्या बैठकीत स्थूल माणूस संकोचला नाही, उलट त्याच्या वाट्याला बहुधा मानाचा लोड येई. तथापि या व्यवस्थेची स्तुती तरुणपणीच करावी. ज्याचे गुडघे देहाच्या भाराने झिजले आहेत त्याला जमिनीवर बसणे ही अर्धी शिक्षा आणि तेथून उठणे ही पूर्ण शिक्षा आहे. देशी पद्धतीचा संडास ही तर त्याच्यापुढील सर्वांत मोठी अडचण, जिचा उच्चार करण्यास आपले प्रवासवर्णनकार फार सभ्य ठरले. यास्तव आजचा स्थूल यात्रेकरू लॉजकडे वळतो, आणि तेथे त्याच्यापुढे येतात प्लॅस्टिकची खुर्ची, प्लायवुडचा एकेरी पलंग आणि तीन जिने. चादर तेवढी अस्सल सोलापुरी, अंगभर पुरणारी.

स्थूल माणसाची वाट पाहत असलेली, त्याच्या येण्याने न गोंधळणारी अशी एक वास्तू सोलापुराहून पुण्यास जाणाऱ्या रस्त्यावर, पुण्याच्या अलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर आहे: उरुळी कांचन येथील निसर्गोपचार आश्रम. १९४६ च्या मार्च महिन्यात गांधीजी या खेड्यात येऊन राहिले, गावच्या रोग्यांना त्यांनी माती, पाणी, ऊन आणि पथ्य यांचे उपचार सांगितले, आणि ते काम पुढे चालविण्याचा भार मणिभाई देसाई या सुरतेकडच्या तरुणावर सोपवून ते गेले. मणिभाई त्या गावचेच झाले. पुढे १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' ही पशुपालन व ग्रामविकासाची संस्था तेथेच उभारली, १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९३ मध्ये त्यांचा देह पडला. विनोबांचे बंधू बाळकोबा भावे यांनीही या आश्रमास आपली वर्षे दिली.

गांधीजींच्या मनात होता तो औषधाचा खर्च न झेपणारा खेडूत. आज तेथे खोली राखून ठेवणाऱ्यांत मधुमेहाने, रक्तदाबाने आणि विशेषतः मेदाने गांजलेले शहरी लोक बहुसंख्य दिसतात, आणि सुट्टीचे आठ-दहा दिवस तेथे घालविणे हा कित्येक कुटुंबांचा परिपाठ झाला आहे. पहाटे योगासने, पोटावर मातीचा लेप, कटिस्नान, तैलमर्दन, वाफ, आणि ताटात उकडलेली भाजी, फळे, ताक असा मोजका आहार, प्रसंगी केवळ रस. मालिश करणारा सेवक पोटाच्या घेराने चकित होत नाही, कारण त्याने तसे घेर रोज पाहिलेले असतात. स्थूल माणसास जगात अन्यत्र दुर्मीळ असलेली एक गोष्ट तेथे मिळते, ती म्हणजे आपण अपवाद नाही ही जाणीव.

आश्रमाविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. हे आतिथ्य सशर्त आहे. आपल्या समाजात स्थूल माणसासाठी अंथरूण घातले जाते ते त्याने स्थूल राहू नये या अटीवर. वजन उतरविण्यास निघालेल्याची सोय आहे, नुसता समुद्र पाहण्यास निघालेल्याची नाही. कृश माणूस महाबळेश्वरास गेला तर त्याला तेथे पुष्ट होऊन ये असे कोणी बजावत नाही. सहल ही उपचाराची एक शाखा नव्हे, आणि रोगाची चिकित्सा वैद्याने करावी, खानावळीच्या खुर्चीने करू नये.

परदेशांत या भेदाची जाण थोडी आली आहे. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, या शतकाच्या आरंभी, 'फ्रीडम पॅराडाइज' नावाचे विश्रामस्थान खास स्थूल पाहुण्यांसाठी निघाले: बिनहातांच्या रुंद खुर्च्या, भक्कम पलंग, मोठी स्नानगृहे, आणि वजनाची चौकशी नाही. कॅनडाच्या वाहतूक न्यायाधिकरणाने २००८ मध्ये असा निवाडा दिला की, ज्यास स्थूलतेमुळे खरोखर अपंगत्व आले आहे त्याला देशांतर्गत विमानात दुसऱ्या आसनाची गरज पडल्यास त्याचे वेगळे भाडे घेऊ नये. एक माणूस, एक भाडे. याच्या उलट टोकाला सामोआची छोटी विमान कंपनी: तिने २०१३ मध्ये प्रवाशाला तोलून किलोच्या हिशेबाने भाडे आकारले, आणि जगभर गहजब झाला. मला त्या कंपनीचा फारसा राग येत नाही. गिरनारच्या पायथ्याशी डोलीवालेही यात्रेकरूस काट्यावर उभे करून वजनावर दर सांगतात, आणि ज्याच्या खांद्यावर भार पडणार त्याने तो मोजून घेणे न्यायाचेच आहे. अन्याय तेथे सुरू होतो, जेथे भाडे सर्वांकडून सारखे घेतले जाते आणि जागा मात्र काहींनाच पुरते.

सोलापूरकरांना आता विमानही आहे. २०२५ मध्ये येथून गोव्याची सेवा सुरू झाली. त्या लहान विमानात दोन-दोन आसनांच्या ओळी आहेत, त्यांना हातही आहेत आणि कमरेचा पट्टाही आहे. ती आसने बदलणे आपल्या हाती नाही; शहरातील हॉटेलवाल्यांना मात्र विनंती एवढीच की, भोजनगृहात चार खुर्च्या बिनहातांच्या ठेवाव्यात, तळमजल्यावरची एक खोली भक्कम दुहेरी पलंगाची, कमोडची आणि भिंतीत रोवलेल्या आधारदांड्याची करावी, आणि तिचे भाडे वाढवू नये. यात सुताराचे दोन दिवसांचे आणि गवंड्याचे एका दिवसाचे काम आहे. आणि ज्या वाचकांना या लेखाचा विषय परका नाही त्यांनी खोली ठरवितानाच पलंगाची रुंदी, संडासाचा प्रकार आणि जिन्यांची संख्या फोनवर निःसंकोच विचारून घ्यावी, रेल्वेचे तिकीट काढताना खालच्या फळीची पसंती नोंदवावी, आणि विमानात पट्टा अपुरा पडला तर सेविकेकडे जोडपट्टा मागावा; तो विमानात ठेवलेला असतो.