स्नोमोबाइलचा दम कुठे जातो?

स्नोमोबाइल दमली की बहुतेकांचा हात आधी इंजिनकडे जातो. खरा दोषी बऱ्याचदा बाजूच्या झाकणाखाली सापडतो: रबरी पट्टा आणि त्याच्या दोन पुल्या. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असते तीच ही रचना. इंजिन जोरात फिरले की पुढच्या पुलीतली वजने बाहेर फेकली जातात, पुली आवळते, पट्टा वर चढतो आणि गाडी पळू लागते. पुलीच्या चकत्यांवर रबराची भुकटी किंवा तेल साचले तर पट्टा घसरतो, तापतो आणि शेवटी तुटतो. तेव्हा चकत्या स्वच्छ हव्यात, नवा पट्टा सुरुवातीला जपून वापरावा आणि एक जादा पट्टा नेहमी सोबत असावा.

उंचीचा हिशेब वेगळा. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे; टर्बो नसलेले इंजिन तिथे जवळपास पाव ताकद गमावते. मग पुलीत हलकी वजने घालतात, म्हणजे आरपीएम पडत नाहीत. कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत जेटही लहान घालावा लागतो. तीच गाडी तशीच खाली आणून कडाक्याच्या थंडीत पळवली, तर दाट हवेला पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन जाम होतो. खर्च विचारू नका! फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलचे प्रमाण संगणक सांभाळतो, वजने मात्र हातानेच बदलायची.

खालचा ट्रॅक फार आवळला तर ताकद खातो, सैल सोडला तर दाते चुकवतो. तो ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्यांना वंगण बर्फाचेच. उघड्या डांबरावर त्या वितळू लागतात.