मुंबई-पुणे, पिशवीत साडेपाच किलो

भोपाळच्या पिपलानीत कॉइल म्हटलं की डोळ्यांपुढे क्रेन येते. बरखेडा, गोविंदपुरा, पिपलानी ही सगळी भेल कंपनीची वसाहत. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स या नावाने ही कंपनी निघाली, ६ नोव्हेंबर १९६० ला नेहरूंच्या हस्ते कारखान्याचं उद्घाटन झालं, आणि इथे ट्रान्सफॉर्मरची, रेल्वे इंजिनाच्या मोटारींची वाइंडिंग होऊ लागली. टनांनी तांबं!

आता हात पुढे करा. तुमच्या तळहातावर मी एक कॉइल ठेवतो. काडेपेटीहून थोडी लांब, तिच्यापेक्षा अरुंद. काळ्या फायबरच्या दोन पट्ट्या, मधे अल्निको चुंबकाच्या सहा कांड्या, भोवती तांब्याची तार. १९५४ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचं हे पिकअप. गिटारची तार हलली की चुंबक आणि कॉइल मिळून वीज करतात, यामागचं तत्त्व फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलंय; त्याच्यावर विश्वास ठेवू आणि मोजायला बसू.

तारेची जाडी ६३ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाएवढी. वेढे सुमारे आठ हजार. आठ हजार! सेकंदाला एक या गतीने हाताने गुंडाळलेत तर सव्वादोन तास लागतील, आणि गिटारला अशा तीन कॉइली. उलगडा बरं एक. पन्नास फुटी विहिरीत सोडा. तळ आला, तार शिल्लक. दुसरी विहीर, तिसरी, दहावी, पन्नासावी. बहात्तर विहिरी एकीखाली एक खोदाव्या लागतील, कारण ही तार अकराशे मीटर आहे. त्या चिमुकल्या कॉइलीत एक किलोमीटरहून जास्त तार!

आणि वजन? एकतीस ग्रॅम. तांबं हजार रुपये किलो धरलं तरी एकतीस रुपयांचं. रेल्वेने मुंबई ते पुणे १९२ किलोमीटर. बोरघाटाचे बोगदे, खंडाळा, लोणावळा, सगळ्यातून ही तार नेली तर जेमतेम साडेपाच किलो भरते. बाजाराच्या पिशवीत टाकून खांद्याला लावा, मुंबई-पुणे तुमच्या खांद्यावर. भोपाळपासून मुंबईपर्यंतची चोवीस किलो. हे गणित मी तीनदा करून पाहिलं, कारण खरं वाटेना.

ही तार भरायच्या बायका. यंत्र बॉबीन फिरवायचं, तार मात्र बोटांनी डावी-उजवी सरकवायची. जास्त ओढली तर तुटली, ढिली सोडली तर कॉइल फुगली. आपल्याकडे मोटार भरणाऱ्या कारागिराला विचारा, केसाएवढी तार बोटांत धरणं काय असतं! ॲबिगेल इबारा फेंडरच्या कंपनीत लागल्या १९५६ ला, म्हणजे भोपाळची कंपनी निघाली त्याच वर्षी, आणि निवृत्त झाल्या २०१३ मध्ये. सत्तावन्न वर्षं! समजा, एखादी कामगार दिवसाला दहाच पिकअप भरते, वर्षाला अडीचशे दिवस, तीस वर्षं. पंचाहत्तर हजार पिकअप. साठ कोटी वेढे. तार साडेब्याऐंशी हजार किलोमीटर: पृथ्वीला दोनदा गुंडाळून उरेल.

गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने तर १९५५ मध्ये दोन कॉइली जोडून विजेची घूंघूं मारायचं पेटंट मागितलं. प्रत्येकीत पाच हजार वेढे ठरलेले, पण प्रत्यक्षात कमी-जास्त व्हायचेच, म्हणून त्या काळच्या दोन गिटारी सारख्या वाजत नाहीत. मला तर त्यातच त्यांचं मोल वाटतं.

एवढं भरून वीज किती मिळते? व्होल्टचा दहावा भाग, जरा मागेपुढे. घड्याळातला सेल त्याच्या पंधरापट. आता भोपाळहून बीनाला या. तिथल्या चाचणी केंद्रात भेलने बनवलेला १२०० किलोव्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आहे. बारा लाख व्होल्ट! इकडे एक रुपया ठेवला तर तिकडे एक कोटी वीस लाख. आणि दोन्हीकडे तांब्याचे वेढेच.

किमतीचं गणित उलटं. स्ट्रॅटोकास्टर क्रमांक ०००१ गिटारवादक डेव्हिड गिल्मोरच्या संग्रहातून २०१९ मध्ये लिलावात गेली १८,१५,००० डॉलरना, तेव्हाच्या हिशेबाने साडेबारा कोटी रुपयांच्या आसपास. तिच्यातही कॉइली तीनच, तांबं शंभर रुपयांच्या आतलं.

आता शेवटचा हिशेब. बावीस टन तांबं भरलेला एकच ट्रेलर पिपलानीच्या रस्त्यावर उभा आहे असं समजा. ते सगळं ओढून पिकअपची तार करू. निघते सात लाख ऐंशी हजार किलोमीटर! टोक ट्रेलरला बांधा आणि सोडा. तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर चंद्र. वळसा घाला, परत फिरा, पिपलानीला या. रीळ अजून संपलेलं नाही. बारा हजार किलोमीटर शिल्लक आहे, जवळजवळ अकरा हजार पिकअप भरतील एवढी!