लेखांक सहावा : मास्टर सचिन मोठा होतो तेव्हा

मागच्या आठवड्यात आपण ‘धर्मात्मा’पाशी थांबलो होतो. १९३५ साली ‘प्रभात’नं आपल्या पैठणच्या नाथांची कथा पडद्यावर आणली. व्ही. शांतारामांचं दिग्दर्शन, बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत आणि छोट्या जाईच्या भूमिकेत वासंती. आज तो चित्रपट पाहताना गंधर्वांपेक्षा ती पोरगीच कॅमेऱ्यापुढं जास्त मोकळी वाटते. रंगभूमीची सवय मोडायची नसते ना तिला! पण अशी पोरं मोठी झाल्यावर त्यांचं काय होतं?

बहुतेकांचं काहीच होत नाही. ‘रामशास्त्री’तली (१९४४) बेबी शकुंतला पुढं नायिका झाली, किशोरकुमारबरोबर ‘फरेब’मध्ये झळकली, तरी नावामागचं ‘बेबी’ सुटलं नाही. लग्नानंतर तिनं चित्रपट सोडला. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्यातला श्याम, माधव वझे, मात्र पुढं पुण्यात इंग्रजीचा प्राध्यापक आणि नाट्यसमीक्षक झाला. मला विचाराल तर या मंडळींत सगळ्यात शहाणी वाट वझेसरांची. पण पडद्यावरच राहून मोठं व्हायचं, तर ते सचिन पिळगावकरांकडून शिकावं.

जन्म १७ ऑगस्ट १९५७, मुंबईतला. राजा परांजप्यांच्या ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये हा पोरगा पहिल्यांदा दिसला तेव्हा तो शाळेच्या वयाचाही जेमतेमच होता. मग हिंदीवाल्यांनी त्याला उचललं. हृषीकेश मुखर्जींच्या ‘मझली दीदी’त (१९६७) तो अनाथ किशन झाला, समोर मीनाकुमारी. त्यांनीच आपल्याला उर्दू शिकवली, असं सचिन सांगत आले आहेत. ‘ज्वेल थीफ’, ‘ब्रह्मचारी’... पडद्यावर गोड, चुणचुणीत पोरगा हवा असला की मास्टर सचिन.

आणि मग आवाज फुटतो, मिसरूड येतं. बालकलाकाराचा खरा घात इथं होतो. लोकांच्या डोळ्यांत तो अजून पोरगाच असतो, निर्मात्याला मात्र आता तो पोरगा म्हणून चालत नाही आणि नायक म्हणून पटत नाही. अशा वेळी घरी बसून मोठ्या भूमिकेची वाट पाहणारे संपतात. सचिननं मिळेल ते केलं. ‘शोले’तला अहमद आठवा. गब्बरच्या हातून मरण्यापुरतीच ती भूमिका. चित्रपट लागला १५ ऑगस्ट १९७५ ला, म्हणजे सचिनला अठरा पूर्ण व्हायला दोन दिवस होते! त्याच वर्षी राजश्रीच्या ‘गीत गाता चल’मध्ये तो नायक झाला. नायिका सारिका, तीही लहानपणापासून कॅमेऱ्यापुढं वाढलेली. पुढं ‘बालिका वधू’, ‘अँखियों के झरोखों से’, ‘नदिया के पार’. हे सगळे नायक कोवळे, सालस आहेत. त्याचा चेहरा लहान दिसतो ही अडचण राजश्रीनं भांडवल करून टाकली.

पण कोवळेपणा किती पुरणार? सचिननी वेळीच कॅमेऱ्यामागं जागा धरली. १९८२ चा ‘माय बाप’, मग ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘गंमत जंमत’ आणि १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’. तो तर आपल्याकडं अजूनही टीव्हीवर लागला की रिमोट खाली ठेवला जातो. लहानपणापासून सेटवर राहिल्यानं कुठला शॉट का लागतो हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. आणि मीनाकुमारींची उर्दू? २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’तल्या खाँसाहेबांच्या तोंडी ती कामाला आली.

एक गोष्ट मात्र त्या पिढीतल्या कुठल्याच पोराला मिळाली नाही, ती म्हणजे कायद्याचं संरक्षण. अमेरिकेत चॅप्लिनच्या ‘द किड’मधल्या जॅकी कूगनची कमाई त्याच्या आई आणि सावत्र वडिलांनीच उधळली, तेव्हा कॅलिफोर्नियानं १९३९ साली कायदा केला. आपल्याकडं स्पष्ट नियम यायला २०१७ उजाडलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि सलग सत्तावीस दिवसांपलीकडं नाही. कमाईतला निदान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत जायला हवा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची ती निर्मात्यानं. तेव्हा पैठणच्या एखाद्या पोराला उद्या मुंबईहून बोलावणं आलं, तर आईबापांनी आधी ती परवानगी बघायला मागावी आणि मग एसटीचं तिकीट काढावं.